पॉइंट कुकमधला नंदादीप

सप्टेंबर सरत आला की पॉइंट कुकमधल्या रिकाम्या प्लॉटांवर पिवळी फुलं येतात. त्यांना कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. कौन्सिलचा गवत कापणारा यायच्या आत ती आपली फुलून घेतात. समुद्राकडून वारा असा सुटतो की कचऱ्याच्या डब्यांची झाकणं दिवसभर आपटत राहतात. घड्याळं तासभर पुढे ढकलली जातात आणि मग आठवडाभर घरातलं कुणीही वेळेवर उठत नाही. याच दिवसांत तिकडे मिरजेला घट बसतात. तिकडे शरद, इकडे पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात वसंत. देवी तीच, पण ती इथे येते तेव्हा झाडांना पालवी फुटत असते आणि माझ्या मनात रुखरुख सुरू झालेली असते.

या रुखरुखीला नाव देता येत नाही, हीच तिची अडचण आहे. मी काही वाईट केलं असं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, ‘अगं, एवढं काय त्यात?’ खरंच, एवढं काय त्यात? पण दर वर्षी ती पिवळी फुलं दिसली की मी गाडीची काच वर करून घेते.

त्या वसंतात मी टेफला जात होते. टेफ म्हणजे साधारण आपल्याकडचं आयटीआय. पुण्यातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी नवऱ्याच्या, समीरच्या व्हिसावर इथे आले, सुपरमार्केटच्या काउंटरवर लोकांची केळी आणि ब्रोकोली वजन करत राहिले, लेकीला, ईराला शाळेत घातलं, आणि चाळिशी दिसायला लागल्यावर एक दिवस अग्निसुरक्षा तंत्राच्या कोर्सला नाव घालून मोकळी झाले. ओळखीतल्या बायकांना वाटलं, आता ही बंबावर चढणार. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकीनऊ आले. आग विझवणारे वेगळे. आमचं काम आग लागायच्या आधीचं. घंटा वाजेल का, पाण्याला जोर आहे का, दार आपोआप बंद होतं का, हे बघत हिंडायचं. म्हणजे सगळं ठीक आहे तेव्हा, सगळं ठीक नसेल तर काय होईल याचा विचार करायचा. हा स्वभाव माझा जन्मजातच होता. टेफने त्याला सर्टिफिकेट दिलं.

तिथल्या वर्कशॉपचा वास अजून माझ्या नाकात आहे. धुराची चाचणी घ्यायला एक फवाऱ्याचा डबा असतो, लांब दांड्याच्या टोकाला लावून तो छताच्या डिटेक्टरपर्यंत न्यायचा. त्या खोट्या धुराला एक गोडसर, दवाखान्यासारखा वास येई. स्प्रिंकलरच्या पाइपातलं वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी काळं कुळकुळीत आणि असं घाण की पहिल्या दिवशी मी डबा उघडून पोळी खाऊ शकले नव्हते. आणि त्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी असलेली इवलीशी लाल काचेची नळी! उष्णता वाढली की ती फुटते आणि पाणी सुटतं. एवढ्या मोठ्या इमारतीचा जीव त्या एवढ्याशा काचेत. मला ती फार आवडायची.

आमचा शिक्षक गॅरी. साठीला आलेला, ढेरपोट्या, आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी छताकडे बघणारा. महिन्याभरात आम्हा सगळ्यांच्या माना तशाच वर जायला लागल्या. एकदा त्याने आम्हाला एक खोली जळताना दाखवली. आवारात तीन भिंतींची खोटी बैठक उभी केली होती. सोफा, पडदा, टीपॉय, त्यावर मेणबत्ती. मेणबत्तीवरून पडदा, पडद्यावरून सोफा. आपण चहा गाळून कपात ओतावा एवढ्यात अख्खी खोली एकदम पेटली. मधे काही नाही. आधी जळणारा सोफा होता, मग खोलीभर नुसता जाळ. आम्ही सगळे आपोआप मागे सरकलो. गॅरी म्हणाला, “तुमची नवीन घरं बघितलीत ना? लाकडाचा सांगाडा आणि वर रंग. शेकोटी रचून ठेवलेली आहे, मेट. फक्त काडी लावायची बाकी आहे.” मी घरी आले आणि आमच्या नव्याकोऱ्या, कर्जात बुडालेल्या, दुमजली शेकोटीकडे बघत गाडीतच बसून राहिले.

आपल्या लोकांच्या घरात छतावरच्या स्मोक अलार्मला आंघोळीची टोपी घालतात. हॉटेलातून आणलेली, इलॅस्टिकची, पारदर्शक. फोडणी दिली, पुऱ्या तळल्या की अलार्म बोंबलतो, म्हणून ही सोय. इथे आलेल्या प्रत्येकाला ती कुणी ना कुणी शिकवतंच. आमच्याही स्वयंपाकघराबाहेर ती होती. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात मी स्टुलावर चढून ती काढली आणि घरात जाहीर केलं की आजपासून हे बंद. त्यानंतर आमच्याकडे आमटीला फोडणी बसली की सायरन वाजायचा आणि समीर टॉवेल घेऊन छताला वारा घालायचा. “तुझ्या शिक्षणाचा खर्च माझ्या खांद्याला बसतोय,” तो म्हणायचा.

अशा घरात आई आल्या. समीरच्या आई, माझ्या सासूबाई. माझा कोर्स, समीरचं ऑफिस, ईराची शाळा अशी ओढाताण चालली होती, म्हणून त्या मिरजेहून मदतीला आल्या. माझ्या शिकण्यासाठी आल्या, हे आधी नीट सांगायला हवं. वयाच्या सत्तरीत, गुडघे दुखत असताना, सुनेने डबा भरून पुस्तकं घेऊन बाहेर पडावं म्हणून त्या इतक्या लांब आल्या. एअरपोर्टवर त्यांच्या पिशवीतले घटासाठी आणलेले गहू कस्टमच्या माणसाने काढून घेतले. माती तर त्यांनी आणलीच नव्हती, समीरने बजावून ठेवलं होतं. पण पितळेचा नंदादीप आणि हाताने वळलेल्या लांब वातींची गुंडाळी सुटली. माणसाने वात हातात घेऊन विचारलं, हे काय? आई मराठीत म्हणाल्या, “कापूस आहे बाबा, नुसता कापूस.” त्याने जाऊ दिलं.

आईंच्या घराण्यात घट नऊ दिवसांचे आणि दिवा अखंड. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी तो कधी विझू दिला नव्हता. समीरला लहानपणी ऐन नवरात्रात टायफॉइड झाला होता. तेव्हा त्या एका बाजूला त्याचं कपाळ आणि दुसऱ्या बाजूला दिवा असं मधे बसून होत्या, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या वर्षी त्या इथे होत्या, म्हणून घट इथे बसणार होते. त्यांनी विचारलंसुद्धा नाही, आणि विचारायचं कशाला? त्यांच्या मुलाचं घर होतं. माझं कॅलेंडर मात्र भिंतीवर होतं आणि त्यात नवरात्राच्या मधोमध माझी प्रात्यक्षिक परीक्षा.

जागा ठरवताना आमच्यात थोडं झालं. आईंना पूर्वेची खोली हवी होती. तिथे जाड गालिचा आणि खिडकीला जमिनीपर्यंत पडदे. माझ्या डोळ्यांपुढे गॅरीचा सोफा आला. मी म्हटलं, “आई, तिथे नको. जेवणाच्या टेबलाजवळ ठेवू या, तिथे फरशी आहे.”

“वहिवाटेत ठेवायचा घट? येता-जाता पाय लागायचा कुणाचा.”

“मी टेबल हलवते. पण गालिच्यावर नको.”

“बरं बाई. तुझं शिक्षण झालंय त्यातलं.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना माझ्या शिकण्याचं खरंच कौतुक होतं. मिरजेला फोनवर त्या सांगायच्या, आमची मेधा आगीचं इंजिनिअरिंग करतीय. मी कितीदा दुरुस्त केलं, तरी इंजिनिअरिंग काही सुटलं नाही.

घट बसले. हार्डवेअरच्या दुकानातली पोत्यातली माती, इंडियन ग्रोसरीतले गहू, आणि नंदादीपात तिळाचं तेल. झेंडू इथे या दिवसांत मिळत नाही. पहिल्या सकाळी आई दार उघडून बाहेर गेल्या आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून पदरात ती पिवळी फुलं घेऊन आल्या. ईरा तेव्हा आठ वर्षांची. ती ओरडली, “आजी, दॅट्स अ वीड!”

“काय म्हणते ही?”

“ते तण आहे म्हणते.”

“असू दे. देवीला काय माहीत,” आई म्हणाल्या आणि माळ ओवायला बसल्या.

मला त्या सकाळी आवडायच्या, हेही सांगायला हवं. नाहीतर वाटेल की मी तो दिवा फक्त शत्रूसारखाच बघत होते. उन्हाचा कोवळा पट्टा फरशीवर, दिव्याची ज्योत त्या उजेडात जवळजवळ दिसेनाशी झालेली, मातीतून वर आलेले फिकट हिरवे कोंब, आणि तेलाचा तो जुना वास. माझ्या नव्या घराला पहिल्यांदा घराचा वास आला होता. आई काजळी झाडायच्या तेव्हाचा सोहळा तर बघण्यासारखा. वात सारताना ज्योत चुकून गेली तर? म्हणून आधी शेजारी एक छोटं निरांजन पेटवायचं, मग मोठ्या दिव्याला हात लावायचा, त्याची वात नीट झाली की निरांजन बाजूला ठेवायचं. मी समीरला म्हटलं, “बघ, स्टँडबाय पंप.” आमच्याकडे मोठ्या इमारतीत एक पंप बंद पडला तर दुसरा असतो, तसं. त्या दोघांना माझा विनोद कळला नाही, मी एकटीच हसले.

पण दिवस मावळला की माझं हसणं जायचं. आई दिव्याजवळ फरशीवर गादी घालून झोपायच्या, हा त्यांचा नेहमीचा नेम. मी वर जाऊन पडायचे आणि डोळे मिटले की तो सोफा पेटायचा. पुन्हा खाली. दिवा शांतपणे जळतोय, आई कुशीवर. पुन्हा वर. मग वाटायचं, त्यांचा पदर किती अंतरावर होता? पुन्हा खाली. वारा तर असा की घराचे सांधे करकरायचे. मी आईंना एका शब्दाने बोलले नाही. दिवा रात्रीपुरता काढा, असं माझ्या जिभेवर कितीदा तरी आलं आणि कितीदा तरी मी ते गिळलं. त्या उपाशीपोटी, नऊ दिवसांचा उपास धरून, माझ्या घराची भांडी घासत होत्या. कुठल्या तोंडाने बोलणार? मी चांगली सून होते. चांगली सून रात्रभर जिने चढत-उतरत होती.

सकाळी ट्रेनमध्ये माझी मान पडायची. वर्गात गॅरीचं बोलणं लांबून कुठून तरी आल्यासारखं वाटायचं. आणि परीक्षेच्या दिवशी व्हायचं ते झालं. परीक्षा सोपी होती. इमारतीचं पॅनेल असतं, त्यावर आपण तपासणार तो विभाग आधी बंद करायचा, म्हणजे खोट्या धुराने खरी घंटा वाजून बंब येणार नाही. मग दांडा घेऊन एकेक डिटेक्टर तपासायचा. आणि शेवटी, न विसरता, तो विभाग पुन्हा चालू करायचा. मी सगळे डिटेक्टर अगदी निगुतीने तपासले. दांडा घडी करून ठेवला, गॅरीकडे बघून हसले. तो हसला नाही. पॅनेलवर बंदचा पिवळा दिवा तसाच लागलेला होता.

“मेधा,” तो हळू आवाजात म्हणाला, “तू आत्ता निघून गेलीस. लोक आत झोपलेत. आणि त्यांच्यावर कुणाचंही लक्ष नाहीये.”

या कामात याहून मोठी चूक नाही. त्याने मला दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. “झोप काढून ये, नो वरीज,” म्हणाला. त्याच्या त्या चांगुलपणाने मला रडूच आलं.

घरी येऊन मी समीरला स्वयंपाकघरात गाठलं आणि जे साठलं होतं ते ओतलं. नापास झाले, झोप नाही, डोकं चालत नाही, पुन्हा चुकले तर पुढची बॅच थेट पुढच्या वर्षी. “मग आईशी बोलू का मी?” त्याने विचारलं. “अजिबात नाही,” मी म्हटलं, “त्यांचा नेम आहे, तो मोडायचा नाही.” मी ते मनापासून म्हटलं. अगदी मनापासून, पण जरा मोठ्याने. आमचं स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल यांच्यात भिंत नाही, हे मला माहीत होतंच. आजही मी तो आवाज आठवून बघते आणि मला ठरवता येत नाही, की तो दमल्यामुळे चढला होता की आणखी कशामुळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईराला शाळेतून घेऊन मी घरी आले. आई घटापुढे बसल्या होत्या. घट होता, माळा होत्या, कोंब वीतभर वर आलेले होते. नंदादीपात वात नव्हती. तेल काढून त्यांनी तो पुसून लख्ख केला होता आणि आत एक पिवळं फूल आणि चार अक्षता ठेवल्या होत्या.

“आई, दिवा?”

“शांत केलाय. आज्ञा घेतली मी देवीची. संध्याकाळी आरतीला लावत जाऊ, तेवढा पुरे.”

“अहो, असं कशाला केलंत? अजून तीन माळा राहिल्यात की.”

“राहू देत. तू जा, पड जरा. डोळे बघ कसे झालेत.”

मी आणखीही काही बोलले. सुनेने बोलावं ते सगळं बोलले. माझ्यामुळे असं नको, मला पाप लागेल, समीर काय म्हणेल. पण बोलत असतानाच माझे खांदे खाली येत होते, आणि ते मला कळत होतं. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, हलकं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. आईंनी लग्नापासून जपलेली गोष्ट माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढे संपली होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो गादीचा. मी वर गेले आणि मेल्यासारखी झोपले. समीर ऑफिसातून आला, त्याने खाली काय बघितलं, आईला काय म्हणाला, मला काहीच ठाऊक नाही. उठले तेव्हा तो अंगणात एकटाच उभा होता. मी गेले तर म्हणाला, “चहा घेतेस?” त्यावर पुढे तो कधीही बोलला नाही.

परीक्षा मी पास झाले. अगदी छान पास झाले, गॅरीने पाठ थोपटली. आईंनी मिरजेला फोन करून सांगितलं की मेधा आगीची इंजिनिअर झाली. दसऱ्याला त्यांनी माझ्या डोक्यात घटाचे कोंब खोवले आणि मी त्यांच्या पाया पडले. पाया पडताना माणसाची नजर खाली असते हे किती बरं असतं, ते तेव्हा कळलं.

पुढच्याच आठवड्यात गॅरीने वेल्डिंगच्या कामाचा धडा घेतला. वेल्डिंग झालं, सगळे जेवायला गेले, तरी एक माणूस तिथेच थांबवतात. तो काही करत नाही. नुसता बसून बघतो, कुठे ठिणगी धुमसत तर नाही ना. त्याला फायर वॉच म्हणतात. “जगातली कुठलीही यंत्रणा घ्या,” गॅरी म्हणाला, “शेजारी बसलेल्या जाग्या माणसाची सर तिला नाही.” माझं पेन थांबलं. आई दिव्याशेजारी फरशीवर झोपतात असं मी समजत होते. त्या पहाऱ्यावर होत्या. वाळूचं एक ताट, दिव्यावर काचेची चिमणी, आणि त्या पहाऱ्यावर थोडा विश्वास, एवढं मला जमलं असतं तर दिवा राहिला असता. मी तेच तर शिकत होते. फक्त धडा आठवडाभर उशिरा आला.

आता मी एका कंपनीत इन्स्पेक्शनचं काम करते. शाळा, हॉटेलं, गोदामं, म्हाताऱ्यांच्या राहण्याच्या संस्था. मागच्या हिवाळ्यात अशाच एका संस्थेत एका ग्रीक आजीबाईंच्या खोलीत गेले. सवयीने आधी छत बघितलं, मग नजर खाली आली. कपाटावर मेरीची तसबीर आणि तिच्यापुढे काचेच्या पेल्यात तेलावर तरंगणारी पेटती वात. बाई मला बघून घाबरल्या नाहीत, उलट अभिमानाने म्हणाल्या, ही माझ्या आईने लावलेली, मी गावाहून तशीच पुढे चालू ठेवलीय. नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीतून श्वास घेत त्या हे सांगत होत्या. मला कळवावंच लागलं. न कळवणं हा गुन्हा झाला असता, आणि त्या खोलीत तर जीवाशी खेळ. पुढच्या फेरीला गेले तेव्हा तसबिरीपुढे बॅटरीचा दिवा लुकलुकत होता. बाईंनी मला ओळखलं नाही. त्यांनी लोण्याचं बिस्कीट पुढे केलं आणि मी ते तिथेच उभ्याने खाल्लं.

आई त्या वर्षानंतर इथे आल्या नाहीत. गुडघे, प्रवास, व्हिसा, कारणं पुष्कळ आहेत. मिरजेलाही त्यांनी पुन्हा घट बसवले नाहीत. घटाचं सगळं सामान धाकट्या जावेकडे देऊन टाकलं. एकदा खंड पडला तो पडला, म्हणाल्या. हे मला समीरच्या चुलतबहिणीकडून कळलं. कुणी मला बोल लावला नाही, आणि लावला असता तर मी भांडले तरी असते.

यंदा मात्र मी ठरवलं. लॉन्ड्रीची खोली रिकामी केली. तिथे फरशी आहे, पडदे नाहीत, वारा येत नाही. स्टीलचं मोठं ताट आणलं, त्यात वाळू भरली, काचेची चिमणी मिळवली, दाराशी अग्निशामक टांगला. ईरा आता माझ्या खांद्याला लागलीय. ती दारात उभी राहून म्हणाली, “मम्, जस्ट गेट अ बॅटरी वन.” मी तिला म्हटलं, तू माळा कर, बाकीचं मी बघते. समीर आणि मी पाळीपाळीने जागणार, असंही ठरलं. मग मी आईंना फोन लावला. इथे दुपार, तिथे सकाळ, त्या मेथी निवडत होत्या.

मी सगळं सांगितलं. जागा, ताट, चिमणी, पाळ्या. म्हटलं, “तुम्ही फक्त या. तिकीट समीर काढतो. दिवा तुमच्या हाताने लागू दे, आम्ही अखंड ठेवतो. नऊच्या नऊ दिवस.”

“तू बसव हो,” आई म्हणाल्या. “हौसेने बसव. मला नको बोलावूस.”

“आई, त्या वर्षी माझ्यामुळे तुमचा नेम मोडला. मला अजून…” एवढी वर्षं घोकलेलं वाक्य ऐन वेळी अर्धंच आलं.

पलीकडे मेथीची जुडी सोडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “तुझ्यामुळे कशाला गं? मला झोप हवी होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, दमले होते मी. लग्न झाल्यापासून नवरात्रात एक रात्र सलग झोपले नव्हते. डोळा लागला की वाटायचं, गेला दिवा. सासूबाई होत्या तोवर त्यांचा धाक, मग सवय. कुणी सोड म्हणेना, मला सोडता येईना. तुझी परीक्षा आली, बरं झालं. देवीला तुझं नाव सांगितलं आणि सुटले.” आणि त्या चक्क हसल्या.

हे खरं होतं, की माझी समजूत काढायला रचलेलं होतं? आई रचू शकतात, सुनेसाठी तर नक्कीच. पण खरं असेल तर? तर मी त्या जिन्यावरून एवढ्यांदा वर-खाली केलं, ज्योत बघितली, पदर बघितला, पडद्याचं अंतर बघितलं, आणि त्यांचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते एकदाही बघितलं नाही. समीरने टायफॉइडची गोष्ट इतक्यांदा सांगितली, आम्ही इतक्यांदा ऐकली, आणि त्या केव्हा झोपल्या असतील हे आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नाही.

मी विचारलं, फार उशिरा विचारलं, “मग आता तरी नीट झोपता ना?”

“झोपते की. वर्षभर छान झोपते.” पानं खुडता खुडता त्या पुढे म्हणाल्या, “नवरात्रात नाही. अजून जाग येते. उठते तेल बघायला, आणि मग आठवतं.”